हाताने क्लासिकल आणि फ्लेमेंको गिटार बनवायला शिकायचंय, बेळगाव-खानापूर भागात राहून जमेल का?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू खानापूरचा, सात वर्षं क्लासिकल वाजवतोस, सुतारकाम येत नाही, आणि आता क्लासिकल आणि फ्लेमेंको, म्हणजे स्पेनमधल्या गाण्या-नाचाबरोबर वाजते ती, गिटार स्वतःच्या हाताने बनवायला शिकायचंय. विचारलंयस की आपल्या भागातलं शिसव चालतंय का, फ्लेमेंको नक्की कुठं वेगळी, यावर पोट भरतंय का, आणि शेवटी जाता जाता, आपल्या पावसाचा काही त्रास होतोय का. मी अठरा वर्षं गिटार वाजवून घर चालवलं, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, लग्नं, मग गोव्यातली हॉटेलं, आणि गेली चौदा वर्षं फक्त गिटारी बनवतोय, त्यामुळं जे सांगतोय ते हातून झालेलं आहे. तुझा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण आपल्या भागात बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

माझी तिसरी गिटार मी ऑगस्टमध्ये जोडली. बाहेर धो धो पाऊस, खोलीत दोन मोठे बल्ब लावून ठेवलेले, मला वाटलं एवढी ऊब पुरे. शिसवाची पाठ, त्यावर आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवल्या, सांधे एकदम सुरेख बसले, दिवाळीला गिटार धारवाडच्या एका मुलाला दिली. मार्चमध्ये त्याचा फोन आला की रात्री खट् करून आवाज आला आणि सकाळी बघतोय तर पाठीला वरपासून खालपर्यंत चीर. मी गिटार परत आणली, पाठ काढून नवीन बसवली, दोन महिने गेले, पण त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते आधीच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

काय होतंय बघ, लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पाणी प्यालं की ते रेषेच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ काहीच वाढत नाही. पाठीची फळी ३६ सेंमी रुंद असते, पावसाळ्यातून उन्हाळ्यात येईपर्यंत ती आडवी दोन-तीन मिमी सहज आटते. पण तिला आतून ज्या पट्ट्या चिकटवल्यात त्या आडव्या जातात, म्हणजे त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने, आणि लांबीत लाकूड आटत नाही. फळीला आत यायचंय, पट्टी तिला सोडत नाही, मग फळी फाटते. सरस कितीही चांगला असू दे, सांधा कितीही घट्ट असू दे, उलट घट्ट असला की नक्कीच फाटते. माझ्या खोलीत आर्द्रतेचा काटा जुलैत ८५-९० दाखवतो आणि मार्चच्या दुपारी ३० च्या खाली जातो, तुझ्या खानापुरात तर पाऊस आमच्यापेक्षा जास्तच. म्हणून नियम एकच, पट्ट्या चिकटवायच्या त्या काटा ४५ ते ५० मध्ये असताना, आणि फळी-पट्टी दोन्ही त्या हवेत आधी दोन-तीन आठवडे पडून राहिलेल्या पाहिजेत. थोडं कोरड्यात जोडलेलं चालतंय, मग पावसात गिटारचं पोट, म्हणजे वरची फळी, जरा वर येतं, तारा थोड्या उंच होतात, पण तेवढंच. ओल्यात जोडलेली गिटार मात्र उन्हाळ्यात फुटते.

यामुळं माझं वर्ष शेतकऱ्यासारखं चालतं. दसरा झाला की फळ्या रंधून ठेवायच्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चिकटवाचिकटवी, त्याच कोरड्या हवेत जमेल तेवढं पॉलिश. मार्च-एप्रिल-मे मध्ये दुरुस्ती, फ्रेटचं म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचं काम, आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की पॉलिश बंद, कारण लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं आणि दमट हवेत ते वाळताना पांढरट धूर धरल्यासारखं होतं. जून ते सप्टेंबर मी मानेचं कोरीवकाम आणि भोकाभोवतीची नक्षी करतो, ती रोसेता म्हणतात ती, मिलिमीटरभर जाड काड्यांचे जुडगे चिकटवून त्यांचे काप काढायचे, हे काम पावसात बसून करायला लई छान. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोरडी करायचं यंत्र, घेतलास तर पावसातही जोडता येतं, माझ्याकडे आता आहे, पण खानापुरात लाईट किती तास असते ते तुला माहीत आहे, त्यावर सगळा भरवसा ठेवू नकोस.

आता शिसव. होय, चालतं, आणि नुसतं चालतं नव्हे, स्पेनमधला कारागीर इंडियन रोझवूड म्हणून जे मागवतो ते हेच, डाल्बर्जिया लॅटिफोलिया, कानडीत बीटे. पूर्वी ते लोक ब्राझीलचं रोझवूड वापरायचे, १९९२ मध्ये त्याच्या व्यापारावर जवळपास बंदी आली आणि आपल्या शिसवाचं महत्त्व अजून वाढलं. २०१७ पासून डाल्बर्जियाच्या सगळ्याच जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध लागले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. तुला यातलं कामाचं एवढंच की प्रत्येक तुकड्याचं बिल जपून ठेव. जंगलातून कोणी आणून देतो म्हणाला तर हात लावू नकोस, स्वतःच्या मळ्याच्या बांधावरचं शिसव तोडायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते आणि न्यायला पास लागतो. सरळ रस्ता म्हणजे दांडेलीला वनखात्याच्या डेपोत लिलाव होतो तिथलं लाकूड, पण तिथं आख्खा ओंडका घ्यावा लागतो, एकट्याला परवडत नाही, दोघा-तिघा फर्निचरवाल्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं.

माझं आवडतं लाकूड वेगळंच आहे. आपल्याकडे जुनी घरं पाडायला लागलेत, शहापूर, वडगाव, निपाणी, संकेश्वर, सगळीकडे, आणि त्यातून शिसवी झोपाळ्याच्या फळ्या, दिवाणाच्या पाट्या, कपाटाची दारं निघतात. साठ-सत्तर वर्षं घरात वाळलेलं लाकूड, त्याला अजून काय पिकवायचं? पाठीच्या अर्ध्या फळीला १९ सेंमी रुंदी लागते, बाजूच्या पट्टीला ८२ सेंमी लांबी आणि ११ सेंमी रुंदी, म्हणजे झोपाळ्याच्या एका जाड फळीत दोन गिटारी बसतात. फक्त सॉमिलवर चिरायच्या आधी खिळे नीट शोध, लोहचुंबक फिरवून, नाहीतर पातं गेलं की सॉमिलवाला परत दारात उभा करणार नाही. आणि शिसव आणि शिसम यात फसू नकोस, वखारीत दोन्हीला एकच नाव सांगतात. शिसम उत्तरेकडचं, रंग सोनेरी-तपकिरी, शिसवाला जांभळी झाक असते आणि रंधा मारला की गोडसर वास येतो, तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

एवढं सांगून आता उलट सांगतो. पाठीच्या लाकडाचं एवढं डोक्यात घेऊ नकोस. आंतोनियो दे तोरेस नावाचा कारागीर, अल्मेरियाजवळ १८१७ मध्ये जन्मला, आज आपण ज्याला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार, ६५० मिमीची तारेची लांबी, आतल्या पंख्यासारख्या सात पट्ट्या, हे सगळं त्याच्या हातून पक्कं झालं. त्याने १८६२ मध्ये एक गिटार बनवली जिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याची होती, फक्त वरची फळी लाकडाची, आणि ती चांगली वाजली. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडे २०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी स्टीलच्या तारांच्या सहा गिटारी घेतल्या, सगळं सारखं, पाठ आणि बाजूचं लाकूड तेवढं वेगळं, आणि ५२ वादकांना कुठलं लाकूड ते दिसणार नाही अशा बेताने वाजवायला दिल्या, तर महाग-स्वस्त लाकडाचा फरक त्यांना धड सांगता आला नाही. मग शिसव का वापरायचं? कारण ते वाकवायला चांगलं, फार हलत नाही, दिसतं देखणं, आणि गिऱ्हाईक तेच मागतो. पण आवाज वरच्या फळीत असतो. म्हणून तुझी पहिली गिटार फणसाची कर. फणसाची वीणा होते, मृदंगाचं खोड होतं, जांबोटीकडे फणस मुबलक, तुटला तरी जीव हळहळत नाही. मी फणसाच्या चार केल्या, त्यातली एक अजून माझ्याकडे वाजतेय.

वरची फळी मात्र बाहेरूनच घ्यावी लागते, तिथं पर्याय नाही. युरोपचा स्प्रूस किंवा अमेरिकेतला वेस्टर्न रेड सिडार. स्प्रूस पांढरट, आवाज उघडायला वेळ घेतो पण मग त्यात रंग लई, सिडार पहिल्या दिवसापासून गोड वाजतो, माद्रिदच्या होसे रामिरेझ घराण्याने १९६० च्या दशकात तो आणला. मला मधल्या दर्जाचा स्प्रूस कुरियर-जकात धरून सात-आठ हजाराला पडतो. घेताना रेषा सरळ आणि फळीच्या पृष्ठाला उभ्या आहेत का एवढं बघ, रेषा किती दाट आहेत याचा लोक उगाच बाऊ करतात. जाडी साधारण २.२ ते २.५ मिमी, पण आकड्यावर थांबायचं नाही. फळी दोन बोटांत एका ठराविक ठिकाणी धरून टिचकी मारायची, सुरुवातीला ती कोरड्या पुठ्ठ्यासारखी बोलते, रंधत गेलास की एका क्षणी तिचा आवाज मोकळा होतो, लांबतो. तिथं आडवं वाकवून बघायचं, हाताला लवचिक लागली पाहिजे. तू वाजवणारा आहेस, तुझे कान तयार आहेत, हे तुला सुताराच्या पोरापेक्षा लवकर येईल.

फ्लेमेंको वेगळी कुठं, यावर लोक म्हणतात लाकूड वेगळं. ते अर्धंच. जुनी फ्लेमेंको सरूच्या लाकडाची असायची, स्पेनमध्ये ते तिथलंच आणि स्वस्त, शिसवासारखं जहाजाने यायचं नाही, आणि दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांकडे पैसा कुठला? तिला ब्लांका म्हणतात, पांढरी. नंतर शिसवाचीही करायला लागले, ती नेग्रा, काळी. (आणि आपल्या मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावर जे सुरू म्हणून लावतात ते हे लाकूड नव्हे, नुसतं नाव जवळचं, ते जड आणि फुटकं असतं, मी एकदा आणून पस्तावलोय.) पण खरा फरक ही गिटार कशासाठी आहे त्यात आहे. क्लासिकलला एक सूर सोडला की तो तरंगत राहिला पाहिजे, पुढचा येईपर्यंत. फ्लेमेंकोला सूर ताडकन यायला पाहिजे आणि बाजूला व्हायला पाहिजे, कारण मागून नाचणाऱ्याच्या टाचा येतायत, टाळ्या येतायत, गाणारा आहे, तिथं गिटार ताशासारखी कापत गेली पाहिजे. म्हणून सगळं हलकं. वरची फळी थोडी पातळ, बाजू दोन मिमीच्या आत, खोका जरा उथळ, ब्लांका हातात घेतलीस तर सव्वा किलोच्या आसपास भरते, क्लासिकल दीड किलोच्या वर.

आणि तारा खाली. क्लासिकलमध्ये बाराव्या फ्रेटवर जाड तार ४ मिमीच्या आसपास उंच, फ्लेमेंकोत ३ किंवा कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रिजवर तार पोटापासून किती उंच आहे, क्लासिकलमध्ये १०-११ मिमी, फ्लेमेंकोत ८ च्या आसपास, कारण उजव्या हाताला तार मारता मारता पोटावर टकोरा द्यायचा असतो, तो गोल्पे, आणि त्यासाठीच वर ती पारदर्शक पातळ पट्टी चिकटवतात. ही उंची नंतर ब्रिजवरचं हाड, ज्यावर तारा टेकतात ते, घासून आणता येत नाही. ती मानेच्या कोनातून येते, म्हणजे मान आणि खोका जोडतानाच ठरवायला लागते. माझी पहिली फ्लेमेंको इथंच चुकली, मी क्लासिकलच्याच साच्यावर केली, नुसतं ब्रिजचं हाड खाली घासलं, मग तारेला ब्रिजवर पुरेसा वाकच राहिला नाही आणि आवाज मेला. स्पॅनिश पद्धतीत मान नंतर खाचेत बसवत नाहीत, मानेच्या टाचेला दोन चिरा पाडून बाजूच्या पट्ट्या त्यातच सरकवतात, आणि सगळी गिटार पालथी, सोलेरा नावाच्या फळीवर उभी करतात. सोलेराचा खालचा भाग दीड-दोन मिमी खोलगट कोरलेला असतो, त्यामुळं पोटाला आपोआप किंचित फुगवटा येतो. तर क्लासिकलची सोलेरा वेगळी आणि फ्लेमेंकोची वेगळी कर, पहिल्याच दिवशी.

सोलेरावर पट्ट्या दाबायला मी महागडे शिकंजे वापरत नाही, चिव्याच्या कामट्या वापरतो. सोलेराच्या वर एक जाड फळी आडवी बांधायची, कामटी दोन्हींच्या मध्ये किंचित वाकवून अडकवायची, तिची ताकद पट्टीवर बरोब्बर उभी येते. चाळीस कामट्या चंदगडच्या बाजारातून बांधून आणल्या होत्या, बारा वर्षं झाली, तीन तुटल्या फक्त.

कुठं शिकायचं म्हणशील तर स्पेनला जायच्या आधी मिरजेला जा की. इथून सकाळी निघालास तर दुपारपर्यंत तिथं. दीडशे वर्षांच्या वर तिथं सतार-तंबोरे बनतायत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गिटार शिकलो ती पुस्तकं आणि व्हिडिओ बघून, पण लाकूड शिकलो तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे, चार महिने त्यांच्या उंबऱ्यात बसून. सतारीचा दांडा तून या लाकडाचा असतो, आणि स्पेनमधल्या गिटारची मान ज्या सेद्रोची असते तो तुनाचाच भाऊबंद, मी आता माना तुनाच्याच करतो, हलक्या, सरळ राहणाऱ्या. आणि जवारी. तंबोऱ्याची घोडी ते तासन्तास घासतात, तार घोडीला किती ठिकाणी, किती हलकेच शिवते त्यावर तो झंकार. खुली जवारी, बंद जवारी, हे ऐकायला शिकलो आणि मग मला फ्लेमेंको कळली, कारण चांगल्या फ्लेमेंकोत जोरात मारलं की तार फ्रेटला किंचित शिवते, ती खरखर हवी असते, पण हळू वाजवताना ती यायला नको. ही रेघ अर्ध्या मिमीची पण नाही. जुन्या फ्लेमेंकोला तर चाव्याही नसायच्या, सतारीसारख्या लाकडी खुंट्याच, अजूनही कोणी कोणी तशी मागतात, खुंटी बसवायला मिरजेच्या माणसापेक्षा चांगला गुरू नाही.

एक गोष्ट मात्र सतारीवरून आणता येत नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात, कानाने लावता येतात, गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. तारेच्या लांबीला, ६५० ला, १७.८१७ ने भागायचं, ३६.४८ मिमीवर पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला परत तेवढ्यानेच भागायचं, दुसरा, असं करत जायचं, बारावा बरोबर ३२५ वर येतो, नाही आला तर हिशेब चुकलाय. आणि तार दाबली की ताणली जाऊन सूर चढतो म्हणून ब्रिजचं हाड दीड-दोन मिमी मागे सरकवायचं. पोटात कसर असली तर गिटार बसक्या आवाजाची होते, इथं कसर असली तर ती बेसूर होते आणि बेसूर गिटार कोणाला देऊ नये.

बोटांखालची काळी फळी एबनीची, डायोस्पायरॉस कुळातली, म्हणजे निपाणीत ज्या तेंदूच्या पानात विडी वळतात त्याच कुळातली. चांगली एबनी मिळणं अवघड झालंय, मी बऱ्याचदा जुनं शिसवच लावतो.

पोट भरतंय का. पहिली चार वर्षं नाही, स्पष्ट सांगतो. एका गिटारला माझे दीडशे ते दोनशे तास जातात, वर्षाला पाच-सहा होतात, आता एकेक गिटार ऐंशी हजाराच्या आसपास जाते, त्यातले वीस-पंचवीस हजार सामानाचे. गिऱ्हाईक बेळगावात फार नाही, गोवा, पुणे, बेंगळुरू. घर दुरुस्तीवर चालतं, पावसाळ्यात गोव्यातून ब्रिज उखडलेल्या गिटारी येतात त्या आणि शाळेतल्या पोरांच्या. दुरुस्तीला कमी लेखू नकोस, दुसऱ्याची फुटलेली गिटार उघडल्याशिवाय आपली कुठं फुटणार ते कळत नाही. आणि वाजवणं सोडू नकोस. मी मधे दोन वर्षं सोडलं होतं, वेळ नाही म्हणून, तर त्या दोन वर्षांतल्या माझ्या माना जाड झाल्या, हाताला काय हवं तेच हात विसरला होता, एका गिऱ्हाईकाने सांगितल्यावर कळलं.

सुरुवात अशी कर. या आठवड्यात एक आर्द्रतेचा काटा घे, तीन-चारशेला मिळतो, ओल्या मिठाच्या वाटीबरोबर बंद डब्यात दिवसभर ठेवून तपास, ७५ दाखवायला पाहिजे, जेवढा फरक तेवढा लिहून ठेव. मग ज्या खोलीत काम करणार तिथं टांग आणि रोज सकाळ-दुपार आकडा वहीत लिही, वर्षभर. तोवर गावातल्या एखाद्या सुताराकडे, मेस्त्रीकडे, रोज दोन तास जाऊन पटाशीला आणि रंध्याला धार लावायला शिक, दुसरं काही नको, फक्त धार, आणि मग दोन फळ्यांच्या कडा अशा रंध की उजेडाला धरल्या तर मधून काही दिसायला नको. ते जमलं की दसऱ्यानंतर माझ्याकडे ये, येताना ती वही आण, फणसाच्या दोन फळ्या आण, आणि आता वाजवतोस ती गिटारही आण, तारा तशाच ठेवून.